तांबेरा तारीख बघून येत नाही : पीक संरक्षण यंत्रणेला खुले पत्र

पीक पाहणी, रोग-सल्ला आणि वाण प्रसार यांचे काम पाहणारे सर्व अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांस,

स. न. वि. वि.

घेवडा-राजम्याच्या पिकातली तांबेऱ्याची नियमित पाहणी यंदापासून बंद होणार आणि तिच्या जागी पेरणीच्या तारखेवरून मोजलेले फवारणीचे वेळापत्रक येणार, असे तुमच्याकडून आम्हा उत्पादकांना कळवण्यात आले. सोबत एका पानाचे माहितीपत्रक होते. कारण एका ओळीत दिले होते : माणसे कमी आहेत आणि बुरशीनाशके आता सहज मिळतात.

मी दाण्यासाठी घेवडा पिकवते. वर्षाचा खर्च त्यावर निघतो, पुढच्या पेरणीचे बियाणे त्यातूनच राखते. म्हणून ते कारण वाचून कागद घडी घालून ठेवणे मला जमले नाही. पत्र उघड लिहिते आहे, कारण तेच माहितीपत्रक ज्यांच्या हाती पडले त्यांनीही हे वाचावे आणि पटले नाही तर मला खोडून काढावे.

आधी वेळापत्रक. पेरणीनंतर इतक्या दिवसांनी पहिली फवारणी, मग ठरावीक अंतराने दुसरी, मग तिसरी. पीक फुलोऱ्यात आहे की शेंगा वाळत आल्यात, पानावर काही आहे की नाही, रात्री पान किती वेळ ओले राहते, यातले काहीच त्यात विचारलेले नाही. हा रोग युरोमायसेस अपेन्डिक्युलेटस या बुरशीमुळे होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिचा बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारा सूक्ष्म कण, वाऱ्यावर येऊन पानावर बसला, एवढ्याने रोग होत नाही. तापमान साधारण १७ ते २७ अंश सेल्सिअस लागते आणि हवेतला ओलावा ९५ टक्क्यांच्या वर दहा ते अठरा तास टिकावा लागतो. म्हणजे लांबलेले दव, झिमझिम पाऊस किंवा संध्याकाळी उशिरा चालवलेले तुषार. पारा ३२ अंशांच्या वर जाऊन राहिला तर बुरशी मागे हटते. हे सगळे तुमच्याच पूर्वीच्या सल्ल्यांतून आम्ही शिकलो. आता कोरड्या, तापलेल्या आठवड्यातही वेळापत्रक म्हणते ‘फवारा’, आणि सलग तीन ओल्या रात्री गेल्या तरी म्हणते ‘अजून तारीख आली नाही’.

त्यातही लागणीपासून फोड फुटेपर्यंतचा काळ आहे. पाच-सहा दिवसांनी पानावर सुईच्या टोकाएवढा फिकट ठिपका उमटतो. फोड फुटून तांबडी भुकटी दिसायला दहा ते पंधरा दिवस लागतात. त्या एका फोडातून हजारो बीजाणू सुटतात आणि हवा जुळली की प्रत्येक जण पुढचे चक्र सुरू करू शकतो. अशी तीन-चार चक्रे एका हंगामात सहज बसतात. पहिल्या चक्रात रोग सापडला तर शेत वाचते. तिसऱ्या चक्रात सापडला तर फक्त हिशेब उरतो. म्हणून पाहणी लागते. तारीख हे काम करू शकत नाही.

आता माहितीपत्रकातला फोटो. पान संपूर्ण तांबूस, कडा करपलेल्या, मधोमध भोके. हे चित्र बघून कुणी शेतात शोधायला निघाला तर त्याला तांबेरा सापडेल, पण उशिरा. सुरुवातीचा तांबेरा बघायचा तर वाकावे लागते. झाडाचा खालचा, सावलीतला, हवा न खेळणारा भाग धरायचा, पान उलटे करायचे आणि उन्हाकडे तिरपे धरायचे. पांढुरका, किंचित उठावदार ठिपका दिसतो. काही दिवसांनी तो मधोमध फाटतो आणि त्यातून विटकरी रंगाची पूड बाहेर येते, भोवती बहुतेकदा पिवळे वलय असते. अंगठा फिरवला की अंगठा रंगतो. जिवाणूजन्य करपा आणि कोनीय ठिपक्यांमध्ये असा रंग बोटाला लागत नाही, ही खूण नवशिक्यालाही पुरते. हंगामाच्या शेवटी त्याच फोडांतली पूड काळपट होत जाते. ते जाड भिंतीचे बीजाणू पुढच्या हंगामापर्यंत काडात, म्हणजे काढणीनंतर शेतात उरलेल्या वाळक्या झाडांत, तग धरतात. यातले एकही चित्र, एकही वाक्य पत्रकात नाही. एका पानात सगळे मावत नाही हे मान्य, पण करपलेल्या पानाच्या जागी उलट्या पानाचा फोटो मावला असता.

पत्रकातल्या दोन सूचना तर चक्क दुसऱ्या रोगांच्या आहेत. ‘पर्यायी यजमान झुडपे काढून टाका’ असे त्यात आहे. ही गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याची गोष्ट, त्याला आयुष्याचे चक्र पुरे करायला गव्हाखेरीज बारबेरीचे झुडूप लागते. घेवड्याचा तांबेरा आपले सगळे आयुष्य, पाचही प्रकारचे बीजाणू, घेवड्यावरच पुरे करतो. मी बांधावरची झुडपे तोडत बसले तर बांध उघडा होईल, बाकी काही नाही. दुसरी सूचना बीजप्रक्रियेची. तांबेरा रोखण्याचा पहिला उपाय म्हणून ती छापली आहे आणि पुढे ‘घरचे बियाणे टाळा’ असेही. हा रोग बियाण्यातून येत नाही. करपा, जिवाणूजन्य रोग, मोझॅक यांसाठी बियाण्याची काळजी घ्यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तांबेऱ्याच्या नावाखाली एखाद्याने चांगले राखलेले बियाणे टाकून दिले तर त्याची जबाबदारी कुणाची? ज्याने हे पान तयार केले त्याने बहुधा तीन पिकांची माहिती एका ताटात वाढली आणि कुणी वाचून बघितले नाही.

जे लिहायला हवे होते ते मात्र गाळले. मागच्या हंगामातल्या घेवड्याच्या शेताला लागून नवीन पेरणी नको. दोन-तीन हंगाम त्याच जमिनीत घेवडा नको. काड गाडावे. सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली रोपे पेरणीआधी उपटावीत. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण बुरशीचे लैंगिक चक्र बहुतेकदा अशाच रोपांवर पार पडते, आणि बुरशीचे नवे मिश्रण तयार व्हायची जागा तीच. तुषार सिंचन असेल तर पाणी पहाटे किंवा सकाळी द्यावे, म्हणजे दवाच्या तासांत पाण्याचे तास मिळून पान वाळायला उशीर होणार नाही. या कशालाच औषधाचा खर्च नाही. कदाचित म्हणूनच कुणी त्यांचे पोस्टर छापत नाही. हा टोमणा आहे, आणि तो परत घ्यायला मला आवडेल.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते वाणांबद्दलचे मौन. वाणाच्या पिशवीवर ‘तांबेरा प्रतिकारक्षम’ एवढेच असते. कोणत्या तांबेऱ्याला? या बुरशीचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकाराला उभे राहणारे वाण दुसऱ्यासमोर आडवे होते. घेवड्यातली प्रतिकाराची जनुके ‘यूआर’ आणि पुढे आकडा अशा नावांनी ओळखली जातात. उत्तर अमेरिकेत यूआर-३ वर वर्षानुवर्षे भिस्त होती, अनेक वाणांत तेच एक जनुक होते. २००७ मध्ये मिशिगनमध्ये आणि २००८ मध्ये नॉर्थ डकोटात त्याला न जुमानणारे प्रकार सापडले. सापडले, कारण तिथे कुणीतरी शेतात जाऊन नमुने घेत होते. पाहणी नसती तर पहिल्यांदा हे शेतकऱ्यांना कळले असते, आणि तेही काढणीच्या वेळी.

प्रकार ओळखायची पद्धत बघा, मुद्दाम थोडी सविस्तर सांगते, कारण ती शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर का आहे ते त्यातच दिसते. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत बारा वाणांचा एक संच ठरला. सहा वाण अँडीज पर्वतराजीतल्या घेवड्याच्या वंशातले, सहा मध्य अमेरिकेच्या. प्रत्येक सहाच्या गटात वाणांना १, २, ४, ८, १६, ३२ असे अंक दिलेले आहेत. नमुन्यातले बीजाणू बाराही वाणांवर टाकायचे, ज्यांच्यावर रोग वाढला त्यांच्या अंकांची गटवार बेरीज करायची. नॉर्थ डकोटातल्या त्या प्रकाराचे नाव २०-३ असे आहे. म्हणजे पहिल्या गटात ४ आणि १६ चे वाण बळी पडले, दुसऱ्यात १ आणि २ चे. रोग ‘वाढला’ हेही डोळ्यांचा अंदाज घेऊन ठरत नाही. फोडाचा व्यास ३०० मायक्रॉनच्या खाली आहे की वर, हे भिंगाखाली मोजावे लागते. हे काम माझ्या ओसरीत होणार नाही. ते तुमचेच आहे, आणि तेच तुम्ही सोडून देता आहात.

एकाच जनुकावर विसंबू नये, हेही नवे ज्ञान नाही. ग्वातेमालातल्या एका काळ्या घेवड्यातून आलेले यूआर-११ अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संग्रहातल्या ९० प्रकारांपैकी ८९ ना पुरून उरले. उरलेला एक त्याला भारी पडला, पण त्या एकाला अँडीजकडचे यूआर-४ हे एरवी साधेसुधे जनुक रोखते. दोन्ही एका वाणात आणली की ९० च्या ९० प्रकार बंद. दोन वेगळ्या वंशांची जनुके एकत्र का बांधायची, याचे यापेक्षा सोपे उदाहरण नाही. मग आमच्या हाती पडणाऱ्या वाणांत काय आहे? एक जनुक की दोन? अँडीजचे की मध्य अमेरिकेचे? पैदासकाराला हे माहीत असते. पिशवीवर मात्र येत नाही. सगळा परिसर एकाच जनुकाच्या भरवशावर पेरला गेला, तर ते आम्हाला कळायचा दुसरा मार्गच नाही.

औषधांकडे येते. मी फवारणीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण पाहणीचा आग्रह धरणाऱ्याला लगेच ‘औषधविरोधी’ ठरवले जाते. फुलोऱ्याआधी किंवा फुलोऱ्यात तांबेरा दिसला तर फवारणी करायलाच हवी. नुकसान सर्वांत मोठे तेव्हाच होते, पीक हातचे जाऊ शकते. शेंगा भरून पाने पिवळी पडू लागल्यावर दिसला तर मात्र फवारून काही वाचत नाही. औषध वाया जाते, काढणीआधी ठेवायचे अंतर मोडते आणि अवशेष दाण्यात जातो. तुमच्या वेळापत्रकातली तिसरी फवारणी लवकर येणाऱ्या वाणांत नेमकी या काळात पडते. पेरणीच्या तारखेवरून मोजल्यावर दुसरे होणार तरी काय?

शिवाय तिन्ही फवारण्यांना एकाच गटातले औषध सुचवले आहे. अझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन या गटातली औषधे बुरशीच्या एकाच नेमक्या ठिकाणी वार करतात. ते ठिकाण बदललेली बुरशी निपजली की पुढची फवारणी तिच्यासाठी मैदान मोकळे करते. टेब्युकोनॅझोलसारख्या ट्रायझोल गटाशी अदलाबदल करा, क्लोरोथॅलोनिल किंवा मॅन्कोझेबसारखे अनेक ठिकाणी वार करणारे स्पर्शजन्य औषध जोडीला ठेवा, आणि जिथे ज्याला या पिकासाठी परवानगी आहे तेच वापरा, असे कोणताही दुय्यम सल्लागार सांगेल. पाणी किती वापरायचे, फवारा पानाच्या खालच्या बाजूला आणि झाडाच्या पोटात पोचतो का, याबद्दलही एक अक्षर नाही. वरून धुके सोडून पुढे गेलेल्या फवारणीने वरची पाने ओली होतात, तांबेरा खाली सुखात राहतो.

माणसे कमी आहेत, हे तुमचे म्हणणे मी खोटे मानत नाही. पण या रोगाची पाहणी म्हणजे प्रत्येक शेत रोज पालथे घालणे नाही. तो आधी कुठे येतो ते ठरलेले आहे : मागच्या हंगामाच्या काडालगत, झाडांच्या आडोशाला, सखल आणि उशिरा वाळणाऱ्या भागात, आपोआप उगवलेल्या रोपांवर. फुलोऱ्याच्या आधीपासून शेंगा भरेपर्यंत आठवड्यातून एकदा एवढ्याच जागा बघितल्या तरी पुष्कळ. ते बघायला आम्हालाही शिकवा. रोगट पाने कागदी पाकिटात घालून, प्लॅस्टिकमध्ये कोंडून न कुजवता, पाठवायला आम्ही तयार आहोत. माझे शेत मला दिसते, वाऱ्याच्या दिशेचे चार शेतांपलीकडचे दिसत नाही. बीजाणू तिथूनच येतात. ती चार शेते एकत्र बघणारे कुणीतरी लागते, आणि आजवर ते तुम्ही होतात.

प्रकार ओळखण्यासाठीही मोठी प्रयोगशाळा दर ठिकाणी लागेलच असे नाही. बारा वाण कुंड्यांत वाढवून त्या कुंड्या रोग असलेल्या शेतात काही तास ठेवायच्या, नंतर ओलाव्यात ठेवून कोणत्या वाणावर फोड येतात ते बघायचे, ही फिरती पद्धत अनेक देशांत वापरून झाली आहे. कुंड्या ठेवायला जागा आणि राखण आमची.

तेव्हा मागण्या अशा. पाहणी बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा. पूर्ण पाहणी शक्य नसेल तर वर सांगितलेल्या जोखमीच्या जागांपुरती ती ठेवावी, आणि रोग कुठे, पिकाच्या कोणत्या अवस्थेत दिसला हे त्याच आठवड्यात सर्वांना कळेल असे जाहीर करावे. पेरणीच्या तारखेवरचे वेळापत्रक रद्द करून पिकाची अवस्था, पानावरचा पहिला ठिपका आणि ओल्या रात्री यांवर आधारलेला सल्ला द्यावा. ‘आता फवारू नका’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. माहितीपत्रक मागे घेऊन दुरुस्त करावे : झुडपांची सूचना काढावी, बियाण्याची सूचना ज्या रोगांसाठी खरी आहे तिथे न्यावी, फेरपालट, काड, उगवलेली रोपे आणि पाण्याची वेळ यांना वर आणावे. औषधांच्या गटांची अदलाबदल स्पष्ट लिहावी. दर हंगामात सापडलेल्या तांबेऱ्याचे प्रकार तपासून त्यांची नावे प्रसिद्ध करावीत. आणि वाण प्रसारित करताना त्यातली प्रतिकाराची जनुके पिशवीवर छापणे बंधनकारक करावे. शेवटच्या मागणीला विरोध होईल याची कल्पना आहे. ‘शेतकऱ्यांना जनुके काय कळणार’ असे म्हटले जाईल. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

यातल्या पाहणी आणि पत्रकाच्या मागण्यांना पुढची पेरणी सुरू व्हायच्या आत उत्तर हवे. प्रकार-तपासणी आणि पिशवीवरची छपाई यांना वेळ लागेल हे समजते, त्यासाठी तारीख सांगितली तरी चालेल. उत्तर मला एकटीला पाठवू नका, ज्या मार्गाने वेळापत्रक पाठवले त्याच मार्गाने सर्वांना द्या. नकार असेल तर तोही कारणासकट त्याच मार्गाने यावा.

कळावे,

आपली,
दाण्याचा घेवडा पिकवणारी एक शेतकरी